उजेड दूध जोखतो तेव्हा

वाचकहो, तुमच्या दुधाचा भाव फॅटवर ठरतो. अर्ध्या पॉइंटचा फरक पडला तरी महिन्याअखेर मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे हातचे जातात. म्हणून हे लिहितो.

आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीत दूध घेताना बाया पातेले उजेडाकडे कलते करतात. निळसर झाक दिसली की विचारतात, “भाऊ, आज पाणी पडलं काय?” दूधवाला हिरमुसतो. पण पाण्याचा थेंब न घालता, नुसती फॅट कमी असली तरी अशी झाक येते. डोळ्याला त्यातला फरक कळत नाही.

इंग्लंडमध्ये १९६४ साली गूल्डन यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या, म्हणजे अवरक्त, प्रकाशाने दूध तपासण्याची रीत मांडली. दुधाच्या पातळ थरातून हा उजेड सोडतात. फॅट, प्रथिने आणि दुधातली साखर त्यातला आपापला भाग शोषून घेतात. किती शोषला, यावरून प्रमाण निघते. गर्बर पद्धतीतले जळजळीत आम्ल लागत नाही. मोठ्या डेअऱ्यांत अशी यंत्रे असतात. गावच्या केंद्रावर बहुधा ध्वनिलहरींचे यंत्र असते.

यंत्र कोणतेही असो, पुढे येईल तेवढाच नमुना ते जोखते. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या घट्ट. ठेवलेल्या कॅनमध्ये साय वर येते. म्हणून कास पूर्ण रिकामी करा, सगळे दूध ढवळूनच नमुना द्या, आकडा स्वतः वाचा, पावती घ्या. शंका आली तर त्याच दुधाची गर्बरने फेरतपासणी मागा. मागण्यात लाज कसली? दूध तुमच्या कष्टाचे आहे.