घाट चढून आलेला मासा

कसाऱ्याला गाडी उभी राहिली की सहप्रवासी चहावाल्याला हाका मारू लागतात, आणि मी मागून धक्का केव्हा बसतो याची वाट पाहत बसतो. ही सवय लहानपणची. माझे मामा त्या धक्क्याचे धनी होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर, म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’वर, त्यांची सारी नोकरी गेली. कसारा ते इगतपुरी हे अंतर अवघे १४ किलोमीटरांचे; पण ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर, असा तो चढ! १ जानेवारी १८६५ रोजी हा मार्ग खुला झाला, आणि त्या चढाने तेव्हापासून भल्याभल्या इंजिनांना घाम फोडला आहे. आता २०१९ पासून मुंबईची राजधानी पुढेमागे इंजिने लावून बँकरविनाच घाट चढते. मामांपाशी मात्र हा विषय काढू नये.

यंदा दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे निघालो तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाची पेटी होती, आणि पेटीत सामन माशाचे चार तुकडे. मामेभाऊ नॉर्वेत असतो. त्याचा फोन आला होता, “आई गेल्यापासून बाबा दूधभातावर दिवस काढतात. तू जातो आहेस तर त्यांना सामन करून घाल. इथे आम्ही दर आठवड्याला खातो, पंधरा मिनिटांत होतो.” आणि मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि घराचंही बोल. विकून टाका, ठाण्याला ताईच्या शेजारी राहा म्हणावं. तुझं ऐकतील.”

माझे कोण ऐकते? वर्गातली मुलेसुद्धा हजेरीपुरतीच ऐकतात. पण ‘बोलतो’ म्हणालो खरा.

गाडी हलली. खिडकीबाहेर उतारावर सोनकीची पिवळी फुले उरलीसुरली दिसत होती. एक बोगदा, मग उजेड, मग पुन्हा बोगदा. एहेगावच्या पुलावर आलो की खाली दरीत पाहायचे नाही, असे आईने लहानपणी बजावले होते. म्हणून आजही मी पाहतोच. मनात आले, हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहत पुन्हा आपल्या नदीत चढून येतो. हा चढही त्याला मानवेल! अर्थात माझ्या पेटीतल्या बापड्याने नदी कधी पाहिली नसणार. नॉर्वेत सुमारे १९७० पासून समुद्रातच जाळ्यांचे पिंजरे टाकून हा मासा पाळतात. त्याचा तो केशरी-गुलाबी रंगही खाण्यातून येतो. रानचा सामन कोळंबीसारखे जीव खातो, पाळलेल्याला तेच द्रव्य खाद्यात घालून देतात. आपल्याकडची हॉटेले रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणून खपवतात. पण रावसाचे कूळ निराळे. त्याला उसन्या नावाची गरज काय पडली, कोण जाणे!

इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर. फलाटावर उतरताच मुंबईचा घाम वाळतो. पूर्वी इथे गाड्यांची इंजिने बदलत. मुंबईकडचा १५०० व्होल्टचा वीजप्रवाह इथे संपे आणि पुढे २५,००० व्होल्टचा सुरू होई. आता सगळीकडे एकच प्रवाह आहे. धम्मगिरीला निघालेली मंडळी मौनाची तयारी करीत रिक्षात बसत होती. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरे भरतात. मी मात्र न बोलता कसे सुटता येईल याच विचारात होतो.

मामा दारातच उभे होते. खांदे उतरलेले, पण दाढी केलेली. पेटी उघडून दाखवली तर म्हणाले, “हा गुलाबी का? उतरलाय की काय?” मी रंगाचे शास्त्र सांगितले. “बरं बरं,” म्हणून ते खुर्चीत बसले.

मामींचा बिडाचा तवा आषाढापासून खुंटीवर होता. त्यावर तांबूस गंज धरला होता. तो घासून, तेल लावून तापवायलाच पंधरा मिनिटांहून अधिक गेली. नॉर्वेच्या हिशेबात ती धरलेली नव्हती. तुकडे फडक्याने कोरडे टिपले, कारण ओला मासा तव्याला धरतो. मीठ, किंचित हळद लावली. तेल तापल्यावर सालीची बाजू खाली. या माशात चरबी पुष्कळ, साल त्याला जळू देत नाही. हिच्याच चिठ्ठीत लिहिले होते : ‘चार मिनिटे हात लावू नका.’ तुम्हांला ठाऊक आहे, हात न लावणे ही स्वयंपाकातली सर्वांत अवघड कृती.

मी घड्याळाकडे पाहत होतो. बाहेरून मामांचा आवाज आला, “आवाज बदलला. उलट आता.”

उलटला. साल कुरकुरीत, सोनेरी. ज्या कानांनी चढावर इंजिनाची कुरकुर ओळखली, त्यांना तव्याची काय कथा! ते उठून आत आले आणि ओट्याशी उभे राहिले.

चकाकीसाठी भावाने मध आणि सोयाबीनचा काळा रस सांगितला होता. मामींच्या फडताळात सापडला गूळ आणि कोकमाचे आगळ. दोन चमचे गूळ, एक चमचा आगळ, ठेचलेली लसूण, चिमूटभर तिखट, थोडे पाणी. गूळ आधी घातला तर करपून कडू होतो, म्हणून मासा काढून घेतल्यावरच हे तव्यात घालायचे. बुडबुडे बारीक झाले, पाक चमच्याला धरू लागला, तेव्हा तुकड्यांवर ओतला. दिव्याखाली ते असे चमकले की मामा म्हणाले, “पॉलिश केल्यासारखे दिसतात रे.”

घोटीच्या बाजारातल्या नव्या इंद्रायणीचा भात होता. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला.

“रावस नाही हा.”

“नाही.”

“तिला गोड चालला नसता.” मग थोड्या वेळाने, “गार्ड मित्र मुंबईहून रावस आणायचा, ओल्या गोणपाटात. ती रात्री दहाला चूल पेटवायची.”

दुसरा तुकडा त्यांनी स्वतः वाढून घेतला. पानातली साल मोडत, मान वर न करता म्हणाले, “पोरानं निरोप दिलाय ना?”

“दिलाय.”

“एक पावसाळा तिच्याशिवाय काढला. इथला पाऊस तू पाहिला आहेस. आता आणखी एक काढून बघतो. तोवर कुणी विचारू नका.”

मी मान हलवली. जेवणानंतर त्यांनी तवा धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवला. खुंटीकडे गेले, थबकले आणि तो परत ओट्यावर आणून ठेवला. मग कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडून माझ्यापुढे केले. “गूळ किती, आगळ किती, लिहून दे. रावसाला चालेल ना?”