भिशीची वही

आमच्या नगरमध्ये, मुकुंदनगर घ्या की झेंडीगेट, भिशी ठाऊक नाही असे घर विरळाच. वीस बायका, दरमहा हजार रुपये, वीस महिने. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि वीस हजार रुपये एका घरी जातात. त्यातून कुणाची शिलाई मशीन येते, कुणाच्या मुलाची फी भरली जाते. लिलावाची भिशीही असते. तिच्यात ज्याला नड आहे तो कमी रकमेवर बोली लावतो आणि उरलेले इतरांत वाटले जाते. आमच्या शेजारच्या खाला या प्रकाराला सूदच समजतात. त्यांची भिशी साधी, चिठ्ठीची.

माझा एक बालमित्र माझ्याच बाकावर बसून उर्दू माध्यमात शिकला आणि पुढे पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागला. मी बी.एड. करून उर्दू शाळेत शिक्षक झालो. २०२३ मध्ये पुण्यात एक हॅकेथॉन होता. म्हणजे छत्तीस तास एका सभागृहात बसायचे आणि चालणारी एखादी वस्तू करून दाखवायची. विषय होता क्रिप्टो चलन. मित्राचा फोन आला, "तू हिसाब समझा, कोड मैं लिखता हूँ." आम्ही भिशी निवडली.

२००८ मध्ये सातोशी नाकामोतो हे नाव घेऊन कुणीतरी बिटकॉइनची कल्पना मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. पान म्हणण्याचे कारण, ही मुळात एक वहीच आहे. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. जुन्या पानावर खाडाखोड केली की पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. शिवाय वही एकाच्या कपाटात नसते, तिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने या वहीत नियमही लिहून ठेवण्याची सोय केली. तारीख आल्यावर कुणी वहीला व्यवहार पाठवला की नियम लिहिल्याप्रमाणे अमलात येतो.

आमच्या भिशीत खरा पैसा नव्हता. २०१८ मध्ये पुण्याच्या गेनबिटकॉइन प्रकरणात झालेल्या अटका लोक विसरले नव्हते, आणि २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर लागला होता. पॉलिगॉन या जाळ्याची सरावासाठी एक वेगळी वही होती; तिचे नाव 'मुंबई'. तिच्यातली नाणी फुकट मिळत आणि त्यांची किंमत शून्य. त्याच नाण्यांवर आम्ही वीस खाती उघडली.

पहिली अडचण चिठ्ठीची निघाली. खालांकडे गल्लीतले एखादे पोर डब्यात हात घालते आणि चिठ्ठी काढते. इथे सगळ्या संगणकांचे उत्तर एकच यावे लागते, म्हणून वहीला स्वतःहून नशीब काढता येत नाही. ते बाहेरून आणावे लागते. रात्रीचे तीन त्यातच वाजले. सकाळी आमची भिशी चालली. बक्षीस दुसऱ्यांना मिळाले, पण परीक्षकांनी प्रश्न भरपूर विचारले.

खरी परीक्षा नगरला आल्यावर झाली. खालांनी मोबाइलवर सगळे निवांत पाहिले आणि विचारले, "किसी के घर में मय्यत हो गई, पैसा नहीं आया, तो ये रुकती क्या?"

मित्र म्हणाला, नियम घालता येईल. पंधरा जणींनी होकार दिला की मुदत वाढेल.

"यानी पंधरा घरों को मालूम होना, के फलानी के घर चूल्हा नहीं जला?"

यावर आम्हा दोघांनाही बोलता येईना. सफेदपोशी म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगायला नको. खालांच्या वहीत दोन बायकांच्या पाळ्या अदलाबदल होतात आणि त्याचे कारण फक्त खालांना ठाऊक असते. आमच्या वहीत खात्याला नावाऐवजी आकडे होते हे खरे. पण वीस बायकांच्या गल्लीत कोणता आकडा कुणाचा, हे कळायला किती दिवस लागणार?

सूरह बकरहची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. देणेघेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असे ती बजावते. लिहिण्याचे आणि साक्षीचे हे काम यंत्र उत्तम करते. पण तिच्या दोनच आयती आधी, २८० व्या आयतीत, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असे सांगितले आहे. ही सवड देणारा माणूस लागतो, आणि त्याने तोंड बंद ठेवावे लागते.

म्हणून यंत्र वाईट असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणसे दामदुपटीच्या गोष्टी सांगून पैसे नेतात, तेव्हा सर्वांना दिसणारी वही नक्कीच हवी. जिथे ओळख नाही तिथे साखळी असावी. जिथे ओळख आहे, तिथे तिने उंबऱ्याबाहेर थांबलेले बरे.

'मुंबई' ही सरावाची वही एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्याबरोबर आमची वीस खातीही गेली. खालांची नवी भिशी त्याच रमजाननंतर लागली. या वेळी त्यात माझ्या मित्राच्या अम्मीचेही नाव आहे.