क्योटोतील जुनी पेढी

बालपणीच्या माझ्या साऱ्या सुट्ट्या ज्या मारिओने व्यापल्या, त्याचे जन्मगाव पाहावे म्हणून मी जपानमधील क्योटो नगरी गाठली. निन्टेंडोचे मुख्य कार्यालय म्हणजे एक पांढरी, अबोल इमारत. पाहुण्यांना आत प्रवेश नाही; फाटकापासूनच हात जोडून परतलो.

तेथून कामो नदीलगतच्या जुन्या वस्तीत गेलो. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी याच नगरीत हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते, बनविण्यास आरंभ केला. १९३० च्या सुमारास उभारलेली त्यांची पेढी आता हॉटेल झाली आहे. दाराशी पत्त्यांच्या व्यवसायाची जुनी पाटी मात्र जपलेली आहे.

त्या पाटीपुढे आमचे सांगलीचे कापडाचे दुकान आठवले. गादीवर न बसता मी संगणकाकडे वळलो, तेव्हा अण्णा वर्षभर माझ्याशी मोजकेच बोलले होते. तिथूनच त्यांना फोन केला. सारे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “पत्ते अजून करतात का रे?”

“हो अण्णा, आजही करतात.”

क्षणभर थांबून ते म्हणाले, “मग या दिवाळीला वहीपूजनाला तू बस.”