वासाच डोंगराच्या पायथ्याचे विद्यापीठ

सॉल्ट लेक सिटी ही अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी. एका अंगाला खाऱ्या पाण्याचे अफाट सरोवर, दुसऱ्या अंगाला वासाच पर्वताची भिंत, आणि शहराच्या पूर्व टोकाला, डोंगराला पाठ लावून बसलेले युटा विद्यापीठ. यंदा मार्चमध्ये ते पाहण्याचा योग आम्हास आला, तो मौजेखातर नव्हे. आमची धाकटी बहीण व मेहुणे शिकागोजवळ राहतात. त्यांच्या मुलाला बारावीनंतरचे कॉलेज ठरवायचे होते. चिरंजीवांची अट एकच, बर्फाचा डोंगर जवळ हवा. त्याला स्नोबोर्डिंगचा नाद आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन फळ्या आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधायचे आणि आडवे उभे राहून उतारावरून घसरत जायचे, हात मोकळे. 1965 साली मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून खेळणे केले, तिथून याची सुरुवात धरतात. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथमच स्थान मिळाले. शिकागोभोवतीची जमीन तव्यासारखी सपाट, त्यामुळे आमचा भाचा शेजारच्या विस्कॉन्सिनमधील एका टेकाडावर शिकला. तिथला उतार सुरू होतो न होतो तोच संपतो.

मेहुण्यांचे म्हणणे वेगळे. इलिनॉयच्या एका सरकारी विद्यापीठात मुलाला जागा मिळालेली होती, घरच्या राज्यात फी कमी. "डोंगर बघून कुणी कॉलेज घेतं का, दादा? तुम्हीच सांगा त्याला," ते आम्हाला म्हणाले. आम्ही पडलो कारकून, त्यातून बी.कॉम. सांगण्याआधी कागद-पेन्सिल मागून घेतली.

अमेरिकेत सरकारी विद्यापीठाची फी राज्यातल्या मुलाला एक आणि राज्याबाहेरच्याला दुसरी. युटा विद्यापीठात बाहेरच्याला साधारण तिप्पट पडते. पश्चिमेकडील राज्यांनी आपसात सवलतीचा करार केलेला आहे. त्यात ज्यांची नावे आहेत त्यांना राज्यातल्या फीच्या फार तर दीडपट भरावी लागते. इलिनॉय त्यात नाही. शिष्यवृत्तीचे म्हणावे, तर कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेत स्कीइंग आहे, स्नोबोर्डिंग नाही. विद्यापीठाचा स्कीचा संघ राष्ट्रीय विजेतेपदे आणतो, पण फळीवाल्यांचे क्लब असतात आणि क्लबवाला स्वतःच्या खिशातून खेळतो. डोंगरावरचे एका दिवसाचे तिकीट डॉलरमध्येही तीन आकडी असते.

एक वाट मात्र आहे. वर्षभर सलग युटात राहून तिथला रहिवासी असल्याचे कागद, म्हणजे वाहन परवाना, मतदार नोंदणी वगैरे, दाखवले, आणि आईवडिलांनी आपल्या करपत्रकात त्याला अवलंबित दाखवले नाही, तर दुसऱ्या वर्षापासून राज्यातली फी लागू होऊ शकते. कागदावर हे सरळ दिसते. पण सलग राहायचे म्हणजे उन्हाळ्याची सगळी सुट्टी घरी घालवायची नाही. हे वाचून दाखवले तेव्हा बहीण उठून आत चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी डोंगर पाहिला. विद्यापीठापासून मोटारीने पाऊण तासात लिटल कॉटनवुड नावाच्या अरुंद दरीतून वर जाता येते. हिवाळ्यात तिथे बसही जाते. हिमकडा कोसळण्याचे भय असले की रस्ता बंद, मग वरचे वर आणि खालचे खाली. स्नोबर्डचा पायथाच 7,760 फुटांवर, आणि वर 11,000 फुटांपर्यंत दोराची गाडी नेते. या दरीत वर्षाकाठी सरासरी 500 इंचांच्या आसपास हिम पडते, म्हणजे आपली चार मजली चाळ बुडावी इतके. भाचा फळी बांधून निघाला आणि आम्हाला दिसेनासा झाला. आम्ही आणि मेहुणे उगाच हातमोजे चोळत उभे.

शेजारीच आल्टा. तिथे स्नोबोर्डला आजही बंदी आहे, फक्त स्कीवाल्यांना प्रवेश. डोंगराचा बराच भाग सरकारी जंगलाचा, म्हणून 2014 साली काही खेळाडू समान वागणुकीचा हक्क सांगत न्यायालयात गेले. ते हरले, आणि 2016 साली अपीलही फेटाळले गेले. भाच्याला हा मोठा अन्याय वाटतो. आम्ही त्याला म्हटले, बाळा, फळी पायातून सोडली की तुला तिथे कुणी अडवत नाही. आपल्या आजोबांना पाणवठ्यावर अडवले, तेव्हा त्यांना सोडून ठेवण्याजोगे काही नव्हते. तो गप्प राहिला, मग आजोबांचे गाव कोणते ते विचारू लागला.

बहिणीची काळजी निराळी होती. पडला तर? नवशिक्यांची मनगटे या खेळात फार मोडतात. शिरस्त्राण आणि आरोग्यविमा यांवर तडजोड नाही असे ठरले. शिवाय हिवाळ्यात इथली थंड हवा खोऱ्यात कोंडते, आणि धूर वर न जाता दिवसचे दिवस शहरावर बसून राहतो. डोंगराजवळ म्हणजे स्वच्छ हवा, असे समजून कुणी येऊ नये.

मेहुणे वळले ते संगणक विभागात. 1969 साली इंटरनेटच्या पूर्वजाची, अर्पानेटची, जी पहिली चार केंद्रे जोडली गेली, त्यांतले चौथे हे विद्यापीठ. पिक्सार या चित्रपट कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमुल इथलेच पीएच.डी. मुलाला शिकायचे होते तेही संगणकच. गुडघा मोडला तरी पदवी उभी राहील ना, एवढेच आम्हाला पाहायचे होते, आणि ते इथे जमत होते. मेहुण्यांनी तासभर प्रश्न विचारले, डोंगराचा त्यात एकही नव्हता.

कॉलेज पक्के करण्याची मुदत 1 मे पर्यंत होती. अनामत मेहुण्यांनी 20 एप्रिललाच भरली, पहिल्या वर्षाच्या जादा फीसाठी जुनी मोटार आणखी चार वर्षे चालवायची या बोलीवर. बहिणीने जुलैची दोन आठवड्यांची रजा आताच मागून ठेवली आहे. तो घरी येऊ शकणार नाही तर ती तिकडे जाणार आहे.