सारस पाहायला कुडव्याला!

मैत्रीण फ्रान्सच्या दक्षिणेला फिरून आली. कामार्गची दलदल, गुलाबी फ्लेमिंगो, एग-मोर्तची जुनी तटबंदी... फोटो बघून जीव जळला, यार! माझ्या फ्रीलान्स खिशात मात्र विदर्भ एक्स्प्रेसच्या स्लीपरपुरतेच पैसे. मग काय, गाठलं मामाचं कुडवा, गोंदियाला अगदी खेटून असलेलं.

पहाटे पाचला मामांनी हलवून उठवलं. ‘चल, परसवाड्याच्या तलावावर.’ बाइकवर बोटं पार गारठली. उजाडता उजाडता काठावर पोचलो, तर धुक्यात उभे दोघं! राखाडी अंग, लालभडक मान, उंची जवळजवळ माझ्याएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच. एकाएकी दोघांनी माना वर करून तुतारी फुंकली, तीसुद्धा जोडीनं. कॅमेरा बॅगेतच राहिला.

हे तलाव निसर्गानं आयते दिलेले नाहीत बरं का. काही शतकांपूर्वी कोहळी मंडळींनी धानासाठी बांधले. सारस त्याच पाण्यावर जगतो आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदियातच उरलाय, तोही मोजका. विजेच्या तारा, कीटकनाशकं, बुजत चाललेले तलाव. 2021 साली नागपूर खंडपीठानं स्वतःहून याची दखल घेतली.

‘आपल्या बांधीत दोन अंडी होती एकदा,’ परतताना मामा म्हणाले. ‘तेवढं धान कापलंच नाही.’

‘दाखवा ना ती बांधी.’

बाइक थांबली. समोर चुन्यानं रंगवलेले दगड, प्लॉटचे नंबर.

‘ताईच्या लग्नात विकली,’ मामा म्हणाले आणि किक मारली.