वारा फुकट, अक्कल आपली!

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिंदी सिनेमा! गुलमर्गचा उतार, रंगीत जॅकेट आणि मागून घसरत येणारा हीरो. एका सेमिस्टरसाठी नॉर्वेला जायला मिळालं, तेव्हा माझीही कल्पना याच्यापुढे गेलेली नव्हती.

पहिल्यांदा गाइलोच्या रिसॉर्टमध्ये स्की शिकलो. मजा आली, खोटं कशाला बोलू? मशीनने दाबून सपाट केलेला बर्फ, वर न्यायला लिफ्ट, आणि हिरवा, निळा, लाल, काळा असे अवघडपणाप्रमाणे रंग दिलेले उतार. पण दिवसाचा हिशेब मांडला तर घसरण्यापेक्षा रांगेत आणि लिफ्टवरच जास्त वेळ गेलेला. सबमिशनच्या आदल्या दिवशीचं झेरॉक्सचं दुकानच म्हणा ना!

नंतर त्याच बर्गन रेल्वेने थोडं पुढे, हाउगस्तुलला गेलो. इथे हार्डांगरविडाचं पठार लागतं. उंची हजार-बाराशे मीटर, झाड नाही, पाटी नाही, नुसता बर्फ आणि वारा. पायात स्की, कमरेला हार्नेस आणि लांब दोऱ्यांच्या टोकाला भलामोठा काइट. लिफ्ट नाहीच, चढावरसुद्धा वाराच ओढून नेतो! कल्पना तशी जुनी आहे. १८८८ मध्ये ग्रीनलँड ओलांडताना नान्सेनने आपल्या बर्फगाड्यांना शिडं लावली होती.

इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स जिवंत होतं. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वारा दुप्पट तर ओढ चौपट! म्हणून वारा वाढला की लहान काइट घ्यायचा. हातातला बार पुढे सोडला की काइटचा वाऱ्याशी कोन कमी होतो आणि ओढ उतरते. ‘अँगल ऑफ अटॅक’ ही वर्गात दोन मार्कांची व्याख्या होती, इथे ती कमरेला कळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग खाली उतरले. आभाळ आणि जमीन एकच पांढरी दिसू लागली. रिसॉर्टमध्ये अशा वेळी कुणीतरी लिफ्ट बंद करतं. इथे शिक्षकाने फक्त विचारलं, ‘‘तुझं काय मत?’’ समोरची टेकडी खुणावत होती आणि वारा झकास होता. मी म्हणालो, ‘‘परत जाऊ.’’ आम्ही जाताना मुद्दाम वाऱ्याच्या उलट दिशेला गेलो होतो, त्यामुळे परतताना वारा पाठीशी होता. वेळेत मागे फिरण्यात लाज नाही, हा नॉर्वेतल्या डोंगरांचा नियमच आहे.

रिसॉर्ट वाईट असं मी म्हणणार नाही, तोल सांभाळायला तिथेच शिकलो. पण बालवाडीपासून आपण आखलेल्या उतारांवरूनच येतोय ना? बारावी, सीईटी, इंजिनियरिंग, प्लेसमेंट... कुठे वळायचं ते पाटीवर लिहिलेलं! ‘‘तुझं काय मत?’’ हे मला त्या पठारावर पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि उत्तरावर माझंच परतणं अवलंबून होतं. काइटिंगची खरी ओढ हीच. बाकी वारा काय, तो तर फुकटच आहे!