साडेसदतीसच्या खाली

“लेकरू रडलंच नाही जी.” दर्यापूर, अंजनगाव, धारणी, बाळ कुठूनही येवो, सोबतच्या आजीचं पहिलं वाक्य हेच. दुसरं, “हातपाय गार पडले, शेका ना त्याला.” मी शेकत नाही म्हटल्यावर ती ज्या नजरेनं पाहते, तिची मला आता सवय झाली आहे.

जन्मताना प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशी दोन हप्त्यांत मरतात. काही तिथल्या तिथे जातात. उरलेल्या, श्वास सुरू झाल्यावर, सावरल्यासारख्या दिसतात आणि साधारण सहा तासांनी पुन्हा ढासळू लागतात. या मधल्या वेळात बाळाला गार करायला घेतलं आणि 33 ते 34 अंशांवर 72 तास ठेवलं, तर मृत्यू आणि अपंगत्व कमी होतं, हे 2005 साली डॉ. सीता शंकरन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं. मग आमच्याकडेही गारव्याची हौस आली. परदेशी यंत्र परवडेना, तर जेलच्या पिशव्या. वेल्लोरच्या सीएमसीत वितळताना उष्णता शोषणाऱ्या पदार्थाची गादी वापरून पाहिली गेली. मला ती गादी फार आवडली होती. वीज गेली तरी चालणारं काहीही वऱ्हाडातल्या डॉक्टरला आवडतंच.

2021 मध्ये याच गारव्याची पारख करणाऱ्या हेलिक्स चाचणीचा निकाल आला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं, त्यांत मुंबईचं सायनही, आणि 408 बाळं. गार केलेल्यांत मृत्यू 42 टक्के, न केलेल्यांत 31. वाचलेल्यांचं अपंगत्वही घटलं नाही. एमआरआयमध्ये इजा जास्त करून मेंदूच्या पांढऱ्या भागात दिसली. म्हणजे कित्येक बाळांचा घात कळांच्या शेवटी एकदम झाला नसावा, तो आधीपासून हळूहळू चालू असावा. आपण सहा तास जन्मापासून मोजतो, ते बहुधा आधीच सुरू झालेले असतात. निकालावर वाद अजून चालू आहेत, चालू राहोत. धारणीहून सेमाडोह, परतवाडा करत घाटातून बाळ अमरावतीला पोचेपर्यंत त्या सहातले उरतात किती?

तेव्हापासून माझा सगळा जीव बाळ तापू न देण्यात. 2008 मध्ये डॉ. लॅप्टूक यांनी शंकरन यांच्याच अभ्यासातल्या, गार न केलेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या. अंगातली उष्णता चढलेल्यांत दर 1 अंशाला मृत्यू वा अपंगत्वाची शक्यता तिपटी-चौपटीनं वाढलेली निघाली. आणि मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या आसपास. वॉर्मरचा सेन्सर पोटावरून सुटला, की यंत्राला वाटतं बाळ गार पडलं. वरची कॉइल लाल होते आणि बाळ भाजून निघतं. स्क्रीनवर आकडा मात्र शहाण्यासारखा कमीच दिसतो! म्हणून सिस्टरना सांगणं एकच, काखेत थर्मामीटर लावा. 36.5 ते 37.5, वर जाऊ द्यायचं नाही. साखर बघा, गरज नसताना ऑक्सिजन लावू नका, आकडी अंगावर काढू नका. आजीनं गुंडाळलेलं तिसरं दुपटं मी स्वतः काढतो.

पण मेंदू वाचवायचं बरंचसं काम बाळ आमच्याकडे येण्याआधी, पहिल्या मिनिटातच, झालेलं किंवा हुकलेलं असतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावच्या आरोग्यदूतांना बाळाला श्वास देणारा फुगा-मास्क वापरायला शिकवलं, तेव्हा बड्या दवाखान्यांना ते धाडस वाटलं असेल. कसब आहे ते बोटांत. मास्कनं नाक-तोंड झाकावं, डोळे झाकू नयेत. मान किंचित मागे. फुगा दोन-तीन बोटांनी दाबावा आणि छाती जेमतेम उचलावी. नवी सिस्टर घाबरून जोर लावते, हवा गालाशेजारून फसफसून जाते, छाती तशीच. तिचा हात धरून मास्क नीट बसवावा लागतो, मग छाती हलते. सुरुवातीला बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांना साधी हवाच पुरते, सिलिंडर आणायला कोणी धावायचं कारण नाही.

गार गादीचे प्रस्ताव अजून माझ्याकडे मतासाठी येतात. मी आधी विचारतो, प्रसूतिकक्षात रात्रपाळीला 1 नंबरचा मास्क कुठे ठेवला आहे, आणि फुग्याचा व्हॉल्व्ह कुणी तपासला आहे का?